पोस्टकार्डाची अट

फेब्रुवारी महिन्याच्या 28 तारखेला, पहाटे साडेचार वाजता, सांगलीच्या गणपती पेठेतून एक मोटार पुण्याच्या दिशेने निघाली. आत चार मित्र होते. चौघेही एकाच शाळेचे, एकाच वर्गाचे. वये पंचेचाळिशीच्या आसपासची. एकाचा हळदीचा व्यापार, दुसऱ्याचे कापडाचे दुकान, तिसऱ्याची औषधांची घाऊक विक्री, आणि चौथा या तिघांच्याही वह्यांवर नजर ठेवणारा कर सल्लागार. मार्चअखेर तोंडावर आलेली असताना एक पूर्ण दिवस वाया घालवणे त्याला मान्य नव्हते, आणि ते तो पेठ नाका येईपर्यंत सांगत राहिला.

प्रवासाचे कारण हळदवाल्यांच्या मांडीवरील कापडी पिशवीत होते. तिच्यात डॉ. जयंत नारळीकरांची पाच पुस्तके होती. सर्वांत वर 'यक्षांची देणगी'ची जुनी, पाठीला चिकटपट्टी लावलेली प्रत. 28 फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. त्या दिवशी पुण्यातील 'आयुका' या संस्थेची दारे सर्वसामान्यांसाठी उघडी असतात आणि खुद्द नारळीकर मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देतात, असे हळदवाल्यांनी वर्तमानपत्रात वाचले होते. या पुस्तकांवर त्यांची स्वाक्षरी घ्यायची, एवढाच त्यांचा संकल्प होता. तो तीस वर्षांचा जुना होता.

हळदीच्या व्यापाऱ्याला विज्ञानकथांचे वेड लागावे याचे पेठेत अनेकांना आश्चर्य वाटे. त्याचे मूळ मात्र हळदीतच होते. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीखाली हळद साठवण्याची पेवे असत. वरून माणूस जेमतेम उतरेल एवढे तोंड आणि खाली कित्येक पोती गिळणारा अंधार. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नाही. कोंडलेली हवा जीवघेणी असते. वडिलांचा हात धरून त्या तोंडापाशी उभा राहिलेला मुलगा पुढे शाळेत 'कृष्णविवर' ही कथा वाचतो, तेव्हा प्रकाशालाही बाहेर न सोडणारी जागा म्हणजे काय हे त्याला शिक्षकांनी समजावून सांगावे लागत नाही. वर्गातल्या या चार मित्रांनी त्या काळी वाचनालयातून आणलेले एकेक पुस्तक पाळीपाळीने वाचले. पुढे तिघांचे वाचन दुकानाच्या व्यापात सुटले. एकाचे सुटले नाही.

कराड मागे पडत असताना हळदवाल्यांनी मित्रांना एक हकिकत सांगितली. ती त्यांनी पूर्वीही सांगितली असावी, कारण कर सल्लागाराने डोळे मिटून घेतले. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली होती. नारळीकर तेव्हा केंब्रिजहून परत येऊन मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करीत होते आणि त्यांचे नाव देशभर झालेले होते. 1965 सालीच, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षाच्या आत, त्यांना पद्मभूषण मिळाले होते. त्या नावाने कथा पाठवली असती तर परीक्षकांनी कथा वाचली असती की नाव, हे सांगणे कठीण. म्हणून त्यांनी आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी केली आणि 'नारायण विनायक जगताप' असे नाव घेतले. हस्ताक्षर ओळखले जाऊ नये यासाठी कथा पत्नीकडून लिहून घेतली. 'कृष्णविवर'ला पहिले पारितोषिक मिळाले ते या जगतापांच्या नावाने. पुढच्याच वर्षी याच कराडात साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षा दुर्गाबाई भागवतांनी आपल्या भाषणात या नव्या प्रकारच्या लेखनाची दखल घेतली होती.

"म्हणजे नाव खोटे आणि अक्षर दुसऱ्याचे," कर सल्लागार डोळे न उघडता म्हणाला. "आमच्या खात्यात याला वेगळा शब्द आहे."

सातारा येईपर्यंत उजाडले होते. औषधवाल्यांची नवकारसी होती, म्हणून सूर्योदयानंतरची अठ्ठेचाळीस मिनिटे पूर्ण होईपर्यंत सर्वांनीच चहाला हात लावला नाही. घरून आणलेले खाकरे आणि थर्मासमधील उकळलेले पाणी मोटारीच्या बॉनेटवर मांडून न्याहारी झाली. खंबाटकीचा घाट, मग कात्रज, मग पुण्याची गर्दी. साडेदहाच्या सुमारास मोटार गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारात शिरली.

'आयुका' म्हणजे खगोलविज्ञान आणि खगोलभौतिकी यांचे आंतरविद्यापीठीय केंद्र. 1988 साली ते स्थापन झाले आणि 2003 पर्यंत नारळीकर त्याचे संचालक होते. देशातील कोणत्याही विद्यापीठातील प्राध्यापकाने वा विद्यार्थ्याने येथे यावे, राहावे, ग्रंथालय आणि संगणक वापरावेत आणि आपल्या गावी परत जाऊन काम करावे, ही त्यामागील कल्पना. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर एका पेढीने सगळा माल आपल्याच कोठारात न भरता गावोगावच्या लहान दुकानदारांना उधारीवर द्यावा, तसा हा व्यवहार आहे. फक्त येथे वसुलीचा माणूस येत नाही.

वास्तू चार्ल्स कोरिया यांची. पुण्याच्या परिसरातील काळ्या दगडाच्या भिंती, वर चढत जाताना अधिक गुळगुळीत आणि अधिक काळ्या होत जाणाऱ्या, शेवटी आकाशाचे प्रतिबिंब दाखवणाऱ्या. मधोमध पायऱ्यापायऱ्यांचे उघडे कुंड. देवळापुढच्या कुंडाची सवय असलेल्या माणसाचे पाय येथे आपोआप सावकाश पडतात. फरक एवढाच की या कुंडात मूर्ती आहेत त्या आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांच्या. निवासी भागांना आकाशगंगा, नालंदा, तक्षशिला अशी नावे आहेत. न्यूटनच्या गावातील सफरचंदाच्या झाडाची कलमे आणून ती पुण्याच्या उन्हात वाढवण्याचाही प्रयत्न येथे झाला होता. सफरचंदाला थंडी लागते हे शास्त्रज्ञांना ठाऊक नव्हते असे नाही; पण एखाद्या गोष्टीवर प्रेम असले म्हणजे माणूस हवामान पाहत नाही.

औषधवाले फूकोच्या लंबकापाशी जे थांबले ते हलेनात. एक जड गोळा लांब तारेला टांगलेला, संथपणे इकडून तिकडे जाणारा. तेथील एका विद्यार्थ्याने सांगितले की लंबक आपल्या रेषेत झुलत असतो आणि खालची जमीन फिरते. तो उत्तर ध्रुवावर टांगला असता तर एका दिवसात त्याची पूर्ण फेरी दिसली असती. विषुववृत्तावर मुळीच दिसली नसती. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे, म्हणून येथे फेरीला सुमारे 75 तास लागतात. "म्हणजे हा गोळा पाहून आपले गाव पृथ्वीवर कोठे आहे ते सांगता येईल?" औषधवाल्यांनी विचारले. अक्षांश सांगता येईल, असे उत्तर मिळाले. शाळेत भूगोलात नेहमी नापास होणाऱ्या त्या गृहस्थाच्या चेहऱ्यावर त्या वेळी जो भाव आला, तो पाहून कर सल्लागाराने मार्चअखेरचा विषय त्या दिवसापुरता सोडला.

मुलांच्या विज्ञान शोधिकेत, 'मुक्तांगणा'त, तर गर्दीच गर्दी होती. अरविंद गुप्ता आणि त्यांचे सहकारी त्या वर्षांत तेथे काम करीत होते. काडेपेट्या, सायकलच्या नळ्या, रिकाम्या बाटल्या, झाडूच्या काड्या यांतून शास्त्रीय खेळणी होत होती. टाकलेल्या वस्तूत मोल पाहणे हा खरा तर व्यापाऱ्याचा गुण. पण पेठेत रद्दीचे मोल किलोवर होते, आणि येथे एका फाटक्या नळीचे मोल तिच्यातून समजणाऱ्या नियमावर होत होते. चार मित्रांनी प्रत्येकी एक कागदी भिंगरी तयार केली. कापडवाल्यांची उलटी फिरली.

दुपारी प्रश्नोत्तरे झाली. सभागृहात खुर्च्यांपेक्षा मुले अधिक होती. नारळीकर आले, शांतपणे बसले आणि एकेका प्रश्नाला उत्तर देऊ लागले. आवाज चढा नाही, हातवारे नाहीत. मुलांशी बोलताना मोठी माणसे स्वर बारीक करतात तसेही काही नाही. पंचाहत्तर लोकांच्या सभेत बोलावे तसेच ते सातवीतल्या मुलीशी बोलत होते. परग्रहावर जीवन आहे काय, कृष्णविवरात पडले तर काय होईल, ग्रहांचा माणसाच्या नशिबावर परिणाम होतो काय, असे प्रश्न येत होते. या शेवटच्या प्रश्नाला सभागृहातील काही पालक किंचित अस्वस्थ झाले, हेही नमूद करावे लागेल.

कार्यक्रम संपला आणि मुलांचा लोंढा वह्या पुढे करीत व्यासपीठाकडे धावला. हळदवाले पिशवी छातीशी धरून त्या लोंढ्याच्या शेपटीत उभे राहिले. पुढे काय होणार हे त्यांना खरे तर ठाऊक असायला हवे होते, कारण ती प्रथा अनेक वर्षांची होती. नारळीकरांनी मुलांना आपली नेहमीची अट सांगितली. वहीवर नुसती स्वाक्षरी मिळणार नाही. ज्याला ती हवी असेल त्याने एका पोस्टकार्डावर विज्ञानाविषयीचा एक प्रश्न लिहून पाठवावा. उत्तर येईल, आणि उत्तराखाली स्वाक्षरी असेल.

काही मुलांचे चेहरे उतरले. हळदवाल्यांच्या पुढे बारा वर्षांचा एक मुलगा होता. त्याने क्षणभर विचार केला, वही उलटी केली आणि शेजारच्या विद्यार्थ्याला आयुकाचा पत्ता विचारून लिहून घेतला. मागच्या प्रौढ माणसाला पुस्तकावर सही मिळालीही असती. लेखकाने वाचकाच्या पुस्तकावर सही करणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि मित्रांनी त्यांना तसे पुढेही ढकलले. पण त्या मुलाने पत्ता लिहून घेतल्यानंतर आपण पिशवी उघडावी हे त्यांना जमले नाही. ते रांगेतून बाहेर आले.

पेठेत सही म्हणजे जबाबदारी. हुंडीवर, धनादेशावर, जामीनपत्रावर केलेली सही माणसाला बांधते. म्हणून शहाणा व्यापारी सही करण्यापूर्वी तीनदा वाचतो. नामवंतांच्या स्वाक्षरीत असे बंधन कोणावरच नसते. देणाऱ्याला हात हलवण्याखेरीज कष्ट नाहीत आणि घेणाऱ्याला संग्रहाखेरीज काम नाही. परिग्रहाच्या व्याख्येत तीही बसते, एवढेच. नारळीकरांच्या अटीने मात्र दोन्ही बाजूंना बांधून घेतले होते: एकाने विचार करायचा, दुसऱ्याने उत्तर द्यायचे. ज्या माणसाने आपली पहिली कथा स्वतःचे नाव काढून स्पर्धेत पाठवली, त्याने नुसत्या नावाला किंमत देण्याचे नाकारावे यात नवल कसले?

विद्यापीठाच्या आवारातील टपाल कार्यालय उघडे होते. पन्नास पैशांना एक, अशी चार पोस्टकार्डे घेतली गेली. "दोन रुपयांत चौघांचे काम," कर सल्लागार म्हणाला, आणि त्याने चारही कार्डांवर तेथेच, उभ्या उभ्या, आयुकाचा पत्ता आपल्या टपोऱ्या अक्षरांत लिहून टाकला. पत्ते झाले. प्रश्न राहिले.

परतीच्या वाटेवर साताऱ्याच्या अलीकडे मोटार थांबवावी लागली. कापडवाल्यांचा चौविहार, सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपायचे. वीस वर्षे रोज सूर्य बुडताना पाहणारा असा माणूस पंचांग न पाहता मिनिट सांगू शकतो. जेवण झाले, पाणी पिऊन झाले, आणि ते पश्चिमेकडे तोंड करून उभे राहिले. अंधार पडला, चांदण्या दिसू लागल्या. तेव्हा त्यांनी विचारले, "अरे, एवढे तारे आहेत म्हणतोस, मग रात्र काळी का?"

तिघे हसले. हळदवाले हसले नाहीत. हा प्रश्न साधा नव्हता. ज्योतिर्विदांनी त्यावर पिढ्यान्‌पिढ्या विचार केला आहे आणि ओल्बर्स या जर्मन ज्योतिर्विदाचे नाव त्याला चिकटले आहे. घनदाट, अंत नसलेल्या अरण्यात कोणत्याही दिशेला पाहिले तरी नजर कोठे ना कोठे एखाद्या बुंध्यावर अडतेच. तसेच विश्व अमर्याद असेल, अनादी काळापासून असेल आणि सर्वत्र ताऱ्यांनी भरलेले असेल, तर कोणत्याही दिशेला नजर शेवटी एखाद्या ताऱ्यावरच जाऊन टेकली पाहिजे, आणि सारे आकाश रात्रीसुद्धा सूर्यबिंबासारखे झळाळले पाहिजे. ते झळाळत नाही. बहुतेक शास्त्रज्ञ सांगतात की विश्वाला वय आहे, आणि फार दूरच्या ताऱ्यांचा प्रकाश अजून येथवर पोचलेलाच नाही.

"पण नारळीकर तर विश्वाला आरंभ मानत नाहीत ना?" औषधवाल्यांना दुपारचे काहीतरी आठवले.

ते खरे होते. फ्रेड हॉयल हे नारळीकरांचे केंब्रिजमधील गुरू, आणि तेही विज्ञानकादंबऱ्या लिहिणारे. महास्फोटाने विश्वाचा जन्म झाला हे या गुरुशिष्यांनी कधी मान्य केले नाही. त्यांच्या बाजूचे उत्तर असे की विश्व प्रसरण पावत आहे. दूरच्या दीर्घिका इतक्या वेगाने लांब जात आहेत की त्यांचा प्रकाश येथे येईपर्यंत क्षीण होतो, आणि म्हणून आरंभ नसतानाही रात्र काळी राहू शकते.

"म्हणजे आपलेच झाले की! लोक अनादी-अनंत आहे, त्याचा कर्ता कोणी नाही," कापडवाले आनंदाने म्हणाले.

येथे हळदवाल्यांनी मित्राला थांबवले, आणि ते योग्यच केले. समाजाच्या मासिकांतून आणि व्याख्यानांतून अमुक गोष्ट आता विज्ञानानेही सिद्ध केली, असे म्हणण्याची सवय जडली आहे. नारळीकरांचे मत समीकरणांवर आणि वेधांवर उभे होते. वेध विरुद्ध गेले तर ते पडणार, हे त्यांनाही मान्य होते, आणि बहुसंख्य शास्त्रज्ञांच्या मते ते वेध विरुद्धच गेले आहेत. आगमांची श्रद्धा अशा पणावर लावलेली नसते. दोन पेढ्यांचे हिशेब एका वहीत लिहिले की दोन्ही चुकतात.

"मग मी हेच विचारतो," कापडवाले म्हणाले. त्यांनी मोटारीतल्या दिव्याखाली, गुडघ्यावर पोस्टकार्ड ठेवून, दुकानातल्या बिलाच्या अक्षरात प्रश्न लिहिला: विश्वाला आरंभ नसेल तर रात्र काळी का? खाली नाव, गाव, पिन कोड.

औषधवाल्यांनी लंबकाविषयी विचारले. कर सल्लागाराने आपले कार्ड खिशात घातले. ते पुढे त्याने आयकर अपिलाची तारीख टिपायला वापरले. हळदवाल्यांचे कार्ड कोरेच राहिले. कराड आले, पेठ नाका आला, तरी त्यांना लिहिण्याजोगा प्रश्न सापडेना. जो प्रश्न मनात येई त्याचे उत्तर त्यांनी कोठेतरी, बहुधा नारळीकरांच्याच पुस्तकात, वाचलेले असे. उत्तर ठाऊक असताना केवळ सहीसाठी विचारणे म्हणजे खोटे बिल फाडणे, असे त्यांना वाटले.

कापडवाले व्याख्यानाला नियमाने जाणारे. ते म्हणाले, "भगवतीसूत्रात 36,000 प्रश्न होते म्हणतात, आणि पुष्कळसे गौतमस्वामींनी महावीरांना विचारलेले. गौतमस्वामी चार ज्ञानांचे धनी. त्यांना काय उत्तरे ठाऊक नसतील? तरी विचारत होते."

हळदवाले काही बोलले नाहीत. सांगलीचे दिवे दिसू लागले होते.

काही आठवड्यांनी कापडवाल्यांचे उत्तर आले. मोजक्या ओळी, आणि खाली स्वाक्षरी. ते कार्ड घेऊन ते हळदीच्या दुकानात गेले आणि त्यांनी ते मित्रापुढे ठेवले: "हे तू ठेव. मला सहीचे काय करायचे?" हळदवाल्यांनी ते दोनदा वाचले आणि परत दिले. प्रश्न ज्याचा, उत्तर त्याचे.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी पेठेत शिरले. कापडाचे दुकान पाण्याखाली गेले, तागे गेले, वह्या गेल्या, आणि गल्ल्याच्या वरच्या खणात ठेवलेले ते कार्डही गेले. नुकसानीच्या यादीत कापडवाल्यांनी ते लिहिले नाही. विमा कंपनीकडे त्यासाठी रकाना नव्हता. गिऱ्हाईक नसले की ते अजूनही दुकानातल्या पोरांना रात्र काळी का असते ते समजावून सांगतात. उभे तागे अरण्यातल्या बुंध्यांसारखे ओळीने लावून ठेवतात आणि एकेक काढत जातात. हळदवाल्यांचे घर वरच्या मजल्यावर. त्यांची पुस्तके कोरडी राहिली, आणि 'यक्षांची देणगी'त ठेवलेले कार्डही.

20 मे 2025 रोजी पहाटे पुण्यात नारळीकर गेले. त्या संध्याकाळी चौघे हळदीच्या दुकानात जमले. कोणी ठरवून बोलावले नव्हते. कर सल्लागाराने ते कार्ड पाहायला मागितले. पत्ता त्याच्याच अक्षरात होता. मागची बाजू पिवळसर पडली होती, हळदीच्या घरात सगळेच पडते तशी.

"काय विचारले असतेस?" त्याने विचारले.

हळदवाल्यांनी बराच वेळ घेतला. मग म्हणाले, "एकच. जगतापांच्या नावाने बक्षीस मिळाले, तेव्हा ते नाव तसेच ठेवावे असे त्यांना एकदा तरी वाटले का?"

"हा विज्ञानाचा प्रश्न नाही," औषधवाले म्हणाले.

"म्हणून तर पाठवला नाही."

"पाठवायचास," कापडवाले म्हणाले. "फार तर उत्तर आले नसते."

हळदवाल्यांनी कार्ड घेतले, पुस्तकात पूर्वीच्याच पानाशी ठेवले आणि दुकानाचा दिवा मालवण्यासाठी उठले. बाहेर सूर्यास्ताला थोडा अवकाश होता; कापडवाल्यांना जेवायला घरी पोचायचे होते.